निळ्या दाढीचं गाऱ्हाणं

आमच्या बाबांचा आवाज असा आहे की ते फोनवर बोलायला लागले की मधे फोन कशाला हवा, असं वाटतं. विक्रोळीच्या चाळीत असताना ते खालच्या नळावरून आईला हाक मारायचे आणि समोरच्या चाळीतल्या बायका 'ओ' द्यायच्या. आई म्हणायची, ह्या माणसाशी लग्न केल्यापासून माझं एकही गुपित राहिलं नाही.

हा आवाज चाळीत वाया जात नव्हता. आम्ही कुडाळकडचे. आमच्याकडे गणपती बसला, होळी पेटली, कुणाच्या घरी पाळणा हलला की आधी गाऱ्हाणं. देवापुढे नारळ ठेवायचा आणि एकाने सगळ्यांच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलायचं. सरळ बोलायचं, घरच्या मोठ्या माणसाशी बोलावं तसं. प्रत्येक वाक्य त्याने 'म्हाराजा' म्हणून खाली सोडलं की जमलेल्या सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून ते उचलायचं. चाळीत हे काम कायम बाबांचं. कारखान्यात ते साधे फिटर होते, पण नारळ हातात घेतला की बदलीवर आलेला साहेबसुद्धा त्यांच्यामागे हात जोडून उभा राहायचा.

मग आम्ही मुलुंडला टॉवरमध्ये आलो. मुलुंडमध्ये वाईट काही नाही. लिफ्ट आहे, पाणी चोवीस तास आहे, आणि आमचे सेक्रेटरी तर इतके सज्जन की लिफ्टमध्ये कुत्र्यालाही आधी जाऊ देतात. पहिल्याच वर्षी सोसायटीच्या गणपतीत त्यांनीच बाबांना बोलावलं. बाबा नवं धोतर नेसून गेले, नारळ ठेवला, डोळे मिटले आणि पहिलं वाक्य घातलं. "बा देवा म्हाराजा, आज ह्या नव्या जागेत जी काय तुझी सेवा केली आसा, ती गोड मानून घे रे म्हाराजा." आणि थांबले.

समोर सगळी चांगली शिकलेली माणसं, कुणी नागपूरची, कुणी भुजची, कुणी चेन्नईची. त्यांना वाटलं, झालं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई "थँक्यू अंकल, सो स्वीट" म्हणाल्या. आई आणि मी "व्हय म्हाराजा" म्हटलं, पण दोघींचा आवाज टाळ्यांत कुठल्या कुठे गेला. सेक्रेटरींनी लगेच स्पीकरवर आरती लावली. बाबांचं तोंड पुढच्या वाक्यासाठी उघडलेलं तसंच राहिलं. त्यानंतर कुणी बोलावलं की ते सांगायचे, "आवाज बसलाय." घरात मात्र टीव्हीचा रिमोट सापडत नसला की तोच आवाज अख्ख्या मजल्याला ऐकू यायचा.

आता माझ्या धंद्याकडे येते. परदेशी सिनेमे मराठीत येतात, तेव्हा पडद्यावरची माणसं जे मराठी बोलतात ते मी लिहिते. काम मजेचं आणि डोक्याला शॉट आहे. गोऱ्याचे ओठ 'ओ' करून मिटत असतील तर माझंही वाक्य तिथेच 'ओ' करून मिटलं पाहिजे. गेल्या वर्षी अंधेरीच्या एका स्टुडिओत सुपरहिरोंचा नवा सिनेमा आला. पाच जण, पाचही उडतात, आणि समोर एक काळा राक्षस, जो पृथ्वी गिळायला निघालाय. मध्यंतरानंतर शेवटच्या लढाईआधी हे पाच जण एका ग्रहावर जातात. तिथला निळ्या दाढीचा म्हातारा डोळे मिटून त्यांना आशीर्वाद देतो. एवढाच त्याचा रोल.

त्याच्यासाठी मी लिहिलं होतं, 'हे चिरंतन तेजा, या पाच वीरांच्या बाहूंत तुझे सामर्थ्य संचारो.' माझी वाक्यं वाईट नव्हती, हे मी आजही सांगते.

ज्या दिवशी निळ्या दाढीचं रेकॉर्डिंग होतं, त्या दिवशी ठरलेल्या नटाला सर्दी झाली. बिचारा 'सामर्थ्य' म्हणायला जायचा आणि 'साबर्थ्य' बाहेर पडायचं. त्याला घरी पाठवलं. आमची दिग्दर्शक, माझ्याहून दहा वर्षांनी लहान मुलगी, कपाळाला हात लावून बसली. त्याच दिवशी मी डबा घरी विसरले होते आणि आईने बाबांना तो घेऊन पाठवलं होतं. खाली वॉचमन त्यांना सोडेना. स्टुडिओची भिंत म्हणे बाहेरचा फटाकासुद्धा आत येऊ देत नाही. त्या भिंतीतून आम्हाला ऐकू आलं, "अरे बाबा, बॉम्ब नाय रे, बांगडे आसत."

दिग्दर्शक मुलीने माझ्याकडे बघितलं. "कोण आहे हा माणूस?"

"माझा बाप," मी म्हटलं. मला वाटलं, ती चिडली.

दहा मिनिटांत बाबा कानाला हेडफोन लावून काचेपलीकडे उभे होते. हातात माझा कागद. त्यांनी तो वाचला, चष्मा वर केला, परत वाचला. "बाहूंत काय संचारो म्हणतो हा? लकवा?"

"सामर्थ्य, बाबा."

"देवाशी असं कोण बोलतं गं? त्याला कळायला नको?"

मी काही बोलायच्या आत ती मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही देवाशी जसं बोलाल तसं बोला. फक्त त्याचे ओठ हलले की बोला, थांबले की थांबा." आणि पडद्यावर निळी दाढी सुरू झाली.

आता हे मी मनचं सांगत नाहीये, तिथे बसलेल्या सगळ्यांनी बघितलंय. तो म्हातारा एक वाक्य बोलायचा, मान वर करायचा आणि डोळे मिटून गप्प राहायचा. मग दुसरं वाक्य. परत गप्प. बाबांनी हे एकदा बघितलं आणि त्यांचा चेहराच उजळला. "अरे, हा तर गाऱ्हाणं घालतोय," ते म्हणाले.

पहिलं वाक्य त्यांनी सोडलं, असं की माझ्या अंगावर काटा आला. म्हाताऱ्याचे ओठ मिटले, बाबांचेही मिटले. नेमकं बसलं. पुढचं वाक्य आलं, ओठ हलले, आणि बाबा गप्पच. काचेतून आमच्याकडे बघत उभे.

"काका, का थांबलात?" मुलीने माइकवर विचारलं.

"व्हय म्हाराजा कोण म्हणणार?"

"सिनेमात कुणी म्हणत नाही, काका."

"मग तो थांबतो कशाला?"

 मी समजूत घातली, ते कुरकुरले, आणि शेवटी सगळी वाक्यं एका दमात करून बाहेर आले. दिग्दर्शक मुलगी नुसती नाचत होती. तिने माझ्या डब्यातले दोन बांगडे बाबांबरोबर खाल्ले आणि मला एक तुकडा ठेवला. जाताना मात्र तिने मला बाजूला घेतलं. "बघ हं, हे परदेशात मंजुरीला जाणार. त्यांना नाही आवडलं तर ते दुसऱ्या कुणाचा तरी आवाज टाकतील. आपल्याला कळवतीलच असं नाही."

मी हे बाबांना सांगितलं. पण परतीच्या रिक्षात त्यांचं लक्ष वेगळ्याच गोष्टीत होतं. "अर्धंच राहिलं गं," ते पवईपर्यंत म्हणत होते. "गाऱ्हाणं घातलं आणि कुणी व्हय म्हटलं नाही, तर ते देवाकडे जातं का? मधेच लटकतं." टॉवरमधलं एक लटकलेलंच होतं, आता हे दुसरं.

सिनेमा लागायच्या आधी मी स्टुडिओत तीनदा विचारलं. आवाज चढवायचं काम दुसरीकडे झालेलं, ती मुलगी दुसऱ्या सिनेमाला लागलेली, कुणालाच पत्ता नाही. आणि तोवर आईने विक्रोळीत बातमी पोचवली होती. पोचवली म्हणजे काय, वाटलीच. 'आमचे हे आता इंग्रजी पिक्चरमध्ये देव झालेत.' देव नाही, देवाशी बोलणारा, हे मी सांगितलं, पण तोवर उशीर झाला होता.

बाबांचा चेहरा दिवसेंदिवस बारीक व्हायला लागला. "दुसऱ्याचा आवाज निघाला तर मी विक्रोळीत तोंड कसं दाखवू?" असं त्यांनी एका सकाळी चहा पिताना विचारलं आणि चहा तसाच ठेवून उठले. एरवी बशीत उरलेला थेंबही न सोडणारा माणूस. 

रविवारी सकाळी घाटकोपरच्या मॉलमध्ये मराठीचा पहिला खेळ. सगळी चाळ लोटली. आईने पैठणी नेसली होती, सकाळी दहाला, जिथे बाकीची पोरं काळे टी-शर्ट घालून आली होती. बाबांच्या पिशवीत नारळ. सुरक्षा तपासणीच्या मुलाने तो बाहेर काढला.

"काका, बाहेरचं खाणं आत चालत नाही."

"हे खाणं नाही, हा मान आहे."

"मान पण चालत नाही, काका."

शेवटी नारळ त्याच्या टेबलावर चिठ्ठी लावून बसला आणि आम्ही आत गेलो. काय सांगू तो खेळ. पहिला हिरो उडाला आणि शिट्ट्यांनी छत उडायची वेळ आली. दुसरा उडाला तेव्हा चाळीतल्या एका मावशींनी ओटीतून तांदूळ काढून पडद्याकडे टाकले. पुढच्या रांगेतलं एक पोरगं राक्षसाला बघून भोकाड पसरून रडलं, आणि त्याच्या आजोबांनी उभं राहून राक्षसालाच दम दिला, "ए, लहान पोरं आहेत इथे." हिरोंचा एक दोस्त मेला तेव्हा आईने पदर डोळ्याला लावला. मी म्हटलं, "आई, तो पुढच्या भागात परत येतो." "मग आत्ता मेला कशाला?" ती फणकारली, आणि डोळे पुसायचं थांबवलं.

मध्यंतर संपलं. पाच जण त्या ग्रहावर उतरले. मी आईचा हात धरला, आईने माझा, बाबांनी खुर्चीचा. निळी दाढी पडद्यावर आली.

आणि आमच्या चाळीने आभाळ डोक्यावर घेतलं. ज्याला शिट्टी येत होती त्याने ती वाजवली, ज्याला येत नव्हती त्याने पण वाजवली. कुणी कागदाचे कपटे उधळले. दोन काका पडद्यापुढे जाऊन नाचायला लागले, त्यांची सावली निळ्या दाढीवर पडली. कुणीतरी बाबांच्या नावाचा जयजयकार सुरू केला. म्हाताऱ्याचे ओठ हलले, थांबले, हलले, थांबले. मी उठून "अरे गप्प बसा रे, ऐकू द्या" म्हणून घसा फोडला, तर लोकांना वाटलं, मीही घोषणा देतेय, त्यांनी तीही उचलली. शांत झालं तेव्हा निळी दाढी वळून गुहेत निघून जात होती.

बाहेर आल्यावर बाबांना सगळ्यांनी गराडा घातला. "काय आवाज होता हो तुमचा, जबरदस्त."

"तू ऐकलास?" बाबांनी विचारलं.

"ऐकणार कसा, शिट्टी मीच मारत होतो."

सगळ्यांची तीच गत. शेवटी बाबांचा कारखान्यातला जुना मित्र खाली मान घालून म्हणाला, "मी पहिल्या रांगेत होतो. मला तर दुसराच कुणीतरी बोलल्यासारखं वाटलं." त्याला कमीच ऐकू येतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण बाबांचा चेहरा पडला तो पडला. शेवटच्या पाटीवर मराठी आवाजांची नावं भुर्रकन गेली, त्यात फक्त ते पाच हिरो होते. दुपारी घरी वडे-सागोती होती, आणि बाबांनी दुसरा वडा घेतला नाही.

पुढच्या दोन दिवसांत मराठीचे खेळ एकेक करून उतरले. मंगळवारी फक्त बोरिवलीला एक उरला, दुपारचा. मी हाफ डे टाकला. आईला म्हटलं, तू येऊ नकोस, तू ओरडशील. "मी कशाला ओरडू?" ती ओरडली. बाबा आणि मी बसने निघालो. बाबांनी नारळ घेतला नव्हता. सबंध रस्ता ते खिडकीबाहेर बघत होते. पवईला एकदाच बोलले, "नसला तर नसला. तू आईला सांगू नकोस." मी बरं म्हटलं, आणि मनातल्या मनात मीच एक गाऱ्हाणं घातलं, तोडकंमोडकं, मला कुठे येतंय ते.

बोरिवलीचं थिएटर जवळजवळ रिकामं. मागे कॉलेजची पोरं, कोपऱ्यात सिनेमाशी काही देणंघेणं नसलेलं एक जोडपं, आणि आमच्या पुढच्या रांगेत साधारण माझ्या वयाची एक बाई आणि तिचा नवरा, मधे पॉपकॉर्नचा डबा. आमच्या ओळखीचं कुणी म्हणजे कुणी नाही. हिरो उडाले, कुणी शिट्टी मारली नाही. राक्षस आला, कुणी त्याला बोललं नाही. एवढं शांत की मला एसीचा आवाज येत होता. मला त्या दिवशीच्या चाळीची फार आठवण आली.

निळी दाढी आली. डोळे मिटले. ओठ हलले.

"बा देवा म्हाराजा, ह्यो जो काळो राकस इलो आसा, तेका इल्या वाटेन परत धाड रे म्हाराजा."

बाबा. आमचे बाबा. चारी भिंतींतून, छतातून, खुर्चीखालून. मला एकदम रडू आलं आणि त्याच वेळी हसूही, आणि दोन्ही मिळून नाकातून भलताच आवाज निघाला. आयुष्यात इतका आनंद मला झाला असेल तर तो कधी, मला आठवत नाही. मी बाबांकडे वळले. ते पडद्याकडे बघत होते. म्हातारा मान वर करून गप्प उभा होता. मी 'व्हय' म्हणायला तोंड उघडलं, तर बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला. घरच्यांचं त्यांना नको होतं. थिएटर गप्पच राहिलं, आणि त्यांचा हात माझ्या हातावर जड होत गेला.

"हीं जी पाच पोरां लढूक निघाली आसत, तेंच्या पाठीशी उभो रव रे म्हाराजा."

म्हातारा थांबला. आणि पुढच्या रांगेतून, पॉपकॉर्नने भरलेल्या तोंडाने, अगदी साध्या आवाजात, कुणीतरी म्हणालं, "व्हय म्हाराजा."

ती बाई स्वतःच दचकली. तिने तोंडावर हात ठेवला. नवरा "अगं, काय हे" म्हणून हसायला लागला. मागची पोरंही खिदळली.

"कोणाची वाकडी नजर पडली आसात तर ती धुवून काढ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." ह्या वेळी ती बाई, तिचा नवरा, आणि मागच्या रांगेतला एक पोरगा. त्याचा मित्र विचारत होता, "अबे, तुला काय माहीत?" आणि तो म्हणत होता, "गावाला असतं यार, थांब ना, परत येईल."

"आणि तेंच्या केसाकव धक्को लागूक देव नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आता सगळे. कॉलेजची सगळी पोरं, दाराशी टॉर्च घेऊन उभा असलेला माणूस, कोपऱ्यातलं जोडपंसुद्धा एकमेकांना सोडून. अर्ध्यांना अर्थही कळला नसेल, पण मजा कळली होती. बाबांनी माझा हात सोडला होता आणि मीही ओरडत होते. पडद्यावर निळी दाढी समाधानाने मान हलवून गुहेकडे वळली, म्हणजे अगदी ठरवल्यासारखी. बाबांनी मोठा श्वास सोडला आणि खुर्चीत मागे टेकले. नंतर पृथ्वी वाचली की नाही, आम्हा दोघांनाही सांगता येणार नाही.

खेळ सुटल्यावर जिन्यात ती बाई आमच्यापुढेच होती, अजून हसत, नवऱ्याला सांगत, "मी काय करू, तो थांबला की तोंडातून निघालंच." मला राहवेना. मी तिला सांगणारच होते की बाई गं, तो म्हातारा हा बघ, हा इथे उभा आहे, चपलेचा पट्टा लावतोय. बाबांनी मला कोपराने ढोसलं.

"गाव कुठलं?" त्यांनी तिला विचारलं, हळू आवाजात. मला माहीत नव्हतं की त्यांना तसा आवाज आहे.

"कणकवली. तुम्ही?"

"तिकडचाच."

"मग तुम्हाला कळलं असेल. काय आवाज होता ना त्या माणसाचा? आमच्या वडलांची आठवण झाली हो." तिने ओढणीने डोळ्याची कड पुसली. "आता आम्ही टॉवरमध्ये राहतो ना. गणपतीला सगळं असतं, पण गाऱ्हाणं घालायला कुणी नाही. असा एखादा म्हातारा आमच्या सोसायटीत असता ना, तर काय बहार आली असती."

बाबांनी चपलेचा पट्टा लावला, सरळ उभे राहिले.

"असेल," ते म्हणाले. "विचारून बघा."